मधल्या सुट्टीतलं बीट

४ ऑगस्ट
शाळेची पर्यावरण व स्वास्थ्य समिती मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या गळ्यात घातली. आधी विचारलेले तिघे म्हणे नेमके आजारी पडले. असो, योग्य माणूस शेवटी सापडतोच. योजना तयार. कॅन्टीनमधलं तळकट बंद. शाळेच्या वाफ्यातलं बीट आणि कोबी, उकडून. उरलंसुरलं कंपोस्टच्या पिंपात, खत परत वाफ्यात. झीरो वेस्ट! यंदा हरित शाळा स्पर्धेची ढाल आपलीच.

५ ऑगस्ट
सगळ्यांना शपथ दिली: घरचा डबा नाही, बाहेरचं नाही, फक्त वाफ्यातलं. सर्वांत आधी पुढे आली आमची नववीतली मुलगी. तिला समितीची प्रमुख केलं. वशिला नाही, गुणवत्ता. काय खणखणीत आवाज! भरून आलं.

११ ऑगस्ट
पिंप काठोकाठ! केवढी ही जागृती. कॅन्टीनच्या मावशी म्हणाल्या, पोरं खातच नाहीत, ताटंच्या ताटं पिंपात रिकामी करतात. मावशींना मोठं चित्र दिसत नाही. दुसरं पिंप मागवलं.

१३ ऑगस्ट
शेवटच्या तासाला वर्ग चिडीचूप. पूर्वी नुसता मासळीबाजार असायचा. आता सगळे बाकावर डोकं टेकून शांत. यालाच वेलनेस म्हणतात.
जेवताना मुलगी म्हणाली, बीट घशाखाली उतरत नाही, दुपारी गरगरतं. म्हटलं, शरीर शुद्ध होतंय. बायकोही काहीतरी बोलली. ढाल स्वीकारतानाचं भाषण डोक्यात घोळत होतं, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

२० ऑगस्ट
शाळेमागच्या बेकरीत गेलो. निव्वळ पाहणीसाठी. पाहणी म्हटली की चव घेणं आलंच. एक क्रीमरोल. मग तुलनेसाठी आणखी एक.

२५ ऑगस्ट
परत पाहणी. आणि काय पाहावं! समितीची अख्खी पलटण आत. ज्या हातांनी शपथ घेतली त्याच हातांत बनपाव. कोपऱ्यात मुख्याध्यापिकाबाई पेस्ट्री खात होत्या. मला पाहून पर्स तोंडासमोर धरली. केसानं गळा कापला सगळ्यांनी. मीही तिथेच होतो, पण ड्यूटीवर.
आमची मुलगी तेवढी दिसली नाही. म्हणजे ही बिलंदर दुसऱ्या दुकानात जात असणार. घरी तिला फैलावर घेतलं. अस्तनीतला निखारा म्हणालो. माझ्याकडे नुसती बघत राहिली, मग उठून गेली. उत्तर असतं तर दिलं नसतं का? फार लागलं मनाला.

२ सप्टेंबर
ढालीचे परीक्षक आले. पिंपाचं झाकण उघडून खूश. म्हणाले, इतकं भरघोस कंपोस्ट कुठल्याच शाळेत पाहिलं नाही. मी नम्रपणे मान झुकवतोय तोच स्वागताच्या रांगेत गडबड. आमची मुलगी कोसळली होती.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर उपाशी आहे, दुपारचं पोटात काही जातच नाही. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, आम्ही रोज बेकरीत चल म्हणायचो, ही यायची नाही. बाबांना शब्द दिलाय म्हणायची.
बायको माझ्याशी बोललेली नाही.

३ सप्टेंबर
ढाल मिळाली. उत्कृष्ट कंपोस्टसाठी. घरी आणून टेबलावर ठेवली. कुणी पाहिली नाही.
मुलगी अंथरुणात बसून दूधपाव खात होती. म्हटलं, अगं, मला आधी सांगायचं नाही का? म्हणाली, सांगितलं होतं.
म्हटलं, शपथ रद्द. संध्याकाळी दोघं बेकरीत जाऊ. तू ती पाहिलेलीसुद्धा नसशील.
म्हणाली, बाहेरून पाहिलीय. माझ्या पहिल्या पाहणीच्या दिवशीच, काचेतून. माझ्या मिशीला क्रीम लागलं होतं म्हणे.
मी मिशीवरून हात फिरवला. तिनं दुधात पाव बुडवला आणि विचारलं, क्रीमरोल ताजा होता का?