मुकी मूठ

नरडाणा,
ता. २४-८-९१, शनिवार. उद्या राखी.

चि. सौ. सुनंदा बेटा, तुला आणि बाळराजाला तुझ्या आजेसासूचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तुम्ही बरे असाल.

अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे. शाळा माझी दुसरीतच सुटली, गुरुजी मारत म्हणून. पण पणतू झाल्यावर मी कोणाकडून लिहून घेऊ? म्हटलं, आपण लिहायचं.

तुझा गोकुळ दीपनगरहून सुट्टीवर येऊन सांगून गेला, कपाळ माझ्यासारखं आहे म्हणे. कान कसे आहेत ते त्याला सांगता आलं नाही. पुरुषमाणसाला बाळाचे कान दिसत नाहीत. तू लिही. डिंकाचे लाडू खातेस ना? तुझ्या माहेरी यावलला केळी ढीगभर, पण ओल्या बाळंतिणीनं केळं खाऊ नये, सर्दी बाळाला होते. मी तर गल्लीभर साखर वाटली. लखीचंद शेटची भंवरीबाई म्हणाली, "आजी, पाय जमिनीवर ठेवा, पडाल." म्हटलं, पडू दे.

मागच्या रविवारी घरात कानबाई देवी बसली. रोट केले. तू लग्नानंतर एकदाच पाहिलेत, म्हणून सांगते. घरात जितके पुरुष, लहान मोठे बठ्ठे, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू घ्यायचे. एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठ सुपात टाकायची. त्याचं दळण, त्याच्या पोळ्या, आणि ते फक्त घरच्यांनीच खायचं. गेल्या वर्षी चार मुठी होत्या. तुझ्या आजेसासऱ्यांची आबांची, सासऱ्याची शालिग्रामची, गोकुळची, दिराची सुपडूची. यंदा पाच.

मला इतकी घाई, की पहिली मूठ बाळाचीच टाकली. "बाळराजा!" मोठ्यानं म्हटलं. मग शालिग्राम, गोकुळ, सुपडू. आबा खाटेवर बसून बघत होते, दरवर्षी बघतात. म्हणाले, "व्हयनं?" मी म्हटलं, झालं.

आता पुढचं लिहायचं म्हणून मी मधे उठून चहा करून आले.

तुला आम्ही एक सांगितलं नाही. तू नवी होतीस, मग दिवस गेले, म्हणून नाही सांगितलं. आबांना आम्ही म्हणतो तसा अल्सर नाही. गेल्या वर्षी आषाढात धुळ्याच्या डॉक्टरनी शालिग्रामला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, पोटात गाठ आहे, वाईट आहे, दिवाळी बघणार नाहीत. आबांना काही कळू दिलं नाही. तेव्हा हाडं नुसती राहिली होती, भाकरी बघितली की तोंड फिरवायचे. पुढं कानबाई बसली, तर देवीवरचं फूल त्यांच्या मांडीवर पडलं. मी ओरडले, "कौल दिला! आईनं तुम्हाला आयुष्य दिलं!" पंखा चालू होता, ते मी बोलले नाही.

सुनंदा, त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. महिन्याभरात शेतात जाऊ लागले. दिवाळी झाली, होळी झाली, तुझं डोहाळजेवण झालं, तेव्हा ते बायकांच्या पंक्तीत वाढत होते, तू हसलीस बघ. डॉक्टरनी परत फोटो काढला. म्हणाले, "गाठ आहे तिथंच आहे, पण माणूस दुसराच झाला. काय देता यांना?" मी म्हटलं, भाकरी.

तर सोमवारी कानबाई नदीवर शिरवून आलो, रोट वाढले. आबांनी ताट सरकवलं. "यामां मना रोट नही शे. मी कसा खाऊ?"

मी बोटांवर मोजलं. चारच झाल्या होत्या. धन्याचं नाव आम्ही घेत नाही ना, आयुष्य घटतं, म्हणून त्यांची मूठ मी दरवर्षी पहिली टाकते, मुकाट्यानं. पन्नास वर्षं टाकली. यंदा पहिली बाळाची टाकली, आणि मुकी राहून गेली.

मी म्हटलं, अहो, आनंदात चुकलं. ते म्हणाले, "तू नही चुकनी. तुले डाक्टरनी काही सांगेल शे. नही म्हण, कानबाईनी आण घे."

माझी जीभ उचलली नाही. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं.

मी वेड्यासारखी गव्हाच्या कोठीकडे धावले. मूठ भरून आणली आणि त्यांच्यासमोर, सुनेदेखत, "उखर्डू!" म्हणून नाव घेऊन सुपात टाकली. जन्मात पहिल्यांदा. ते हसले गं. म्हणाले, "आज नाव लिधं तू मनं. आते तं नक्कीच जास मी." आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

आज सहावा दिवस. चहा घेतात, अर्धा. डॉक्टर येऊन गेले, पोटात नवीन काही नाही म्हणाले. सगळे म्हणतात, आजीची आनंदात चूक झाली. मीही तेच म्हणते. पण तुला खरं लिहिते. कोठीपाशी बसले तेव्हा माझ्या मनात चार हाच आकडा होता. वर्षभर मी त्यांना जगवत होते आणि मनात डॉक्टरचंच धरून बसले होते. ते हातानं दाखवलं.

आता माझ्या तोंडावर त्यांचा भरवसा नाही. तुझ्यावर आहे.

सव्वा महिन्यानं तुमच्याकडे बारसं धरलंय ना, ते थांबव. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण तिला मी समजावीन. तुझ्या आईला राग येईल, माझ्या वतीनं पाया पड. आबांच्या नावानं वेगळं पत्र टाक, की आबा, तुम्ही येऊन नाव ठेवाल तेव्हाच नाव ठेवायचं, तोवर पोरगं तसंच राहील. नरडाण्याहून पॅसेंजर, भुसावळला उतरून यावलची एसटी. तेवढं बसायला अंगात जीव लागतो, जीवाला भाकरी लागते. मी सांगितलं असं लिहू नको. आणि खोटं लिहू नको, खरंच नाव ठेवू नको. महिना लागो, दोन लागोत. खोटं असलं तर त्यांना आता कळतं.

नाही आले तर काय, ते मी लिहीत नाही. तूही विचारू नको.

पत्र मिळाल्या दिवशीच टाक.

तुझी आजेसासू, बिननावाच्या बाळाची पणजी,
सुंदरबाई