पिकुन बुडणार, हे मी सांगितलंच होतं

शनिवार, ८ जून. सकाळ.
काल लामाईने आपल्या केस कापायच्या दुकानात, भर मालिकेत, सगळ्यांसमोर मला सुनावलं, "बाई, आता एक शब्द बोललात तर टीव्ही बंद करीन." म्हणून ही वही. जे तिथे बोलायचं नाही ते इथे लिहायचं. आयुष्यभर शाळेत वाङ्मय शिकवलं, पण मला गप्प बसायला सांगणारी ही पहिलीच. तीही माझीच विद्यार्थिनी. नापास व्हायची नाही, पण काठावर.

मुद्दा साधा आहे. 'खाडीपलीकडची सून' ही कादंबरी मी कॉलेजात वाचली आहे, एकदा नव्हे, तीनदा. आता तिची मालिका शुक्रवार ते रविवार लागते. बाकीच्या तिघांनी पुस्तक पाहिलेलंही नाही : लामाई, बाजारात वाफवलेले बांगडे विकणारी सोन्क्लिन, आणि पूर्वी होडी चालवायचे ते प्रयून काका. त्यांना नीट कळावं म्हणून मी मधूनमधून दोन शब्द सांगते. लामाई याला 'गोष्ट फोडणं' म्हणते.

काल मी एवढंच म्हटलं की पिकुन शेवटी खाडीत बुडून मरते. पिकुन म्हणजे नायिका. काका उठून बाहेर गेले. डोळ्यात काही गेलं असावं. दुकानात केस उडत असतात.

संकल्प : आजपासून चकार शब्द नाही.

रविवार, ९ जून.
संकल्प पाळला. मालिकेतला डॉक्टर होडीत चढला तेव्हा फक्त "अरेरे" म्हटलं. काकांनी दचकून विचारलं, "म्हणजे हाही जाणार?" मी फक्त रुमाल काढला. सोन्क्लिन म्हणाली, "बाईंचा रुमाल निघाला, म्हणजे गेलाच बिचारा." थोड्या वेळाने वादळ आलं, होडी उलटली. चॅनेलवाले लेखिकेशी इमान राखून आहेत, याचं समाधान वाटलं. बाकी कोणी काही बोललं नाही. भारावले होते.

मंगळवार, ११ जून.
लामाईकडे 'दोन घरचा जावई' पाहिली. फालतू. पुस्तकाचा आधार नाही, शेंडाबुडखा नाही, उठल्यासुटल्या थपडा. ती मधली मेहुणी नक्की कोणाची, हे लामाईला तीनदा विचारावं लागलं. लामाई खूश. म्हणाली, "सोमवार-मंगळवारी तुम्ही किती छान असता, बाई!" तिला चांगलं वाङ्मय झेपत नाही, हेच खरं.

शुक्रवार, १४ जून.
लामाईचा टीव्ही बिघडला. सोन्क्लिनचा गुडघा धरला. काकांना देवळात काम निघालं. एकाच संध्याकाळी तिघांवर संकट. मालिका घरी एकटीने पाहिली. प्रत्येक जाहिरातीत लामाईला फोन केला, तिने उचलला नाही. शेवटी आजचा भाग सविस्तर लिहून तिघांना पाठवला. पुढचे दोन भागही लिहिले. टीव्ही कधी दुरुस्त होईल, काय सांगावं.

शनिवार, १५ जून.
सोन्क्लिनच्या गुडघ्यासाठी आलं घालून रस्सा केला आणि मालिकेच्या आधी देऊन यावं म्हणून निघाले. दार बंद. आतून आमच्या मालिकेचं गाणं. पायरीशी लामाईच्या गुलाबी चपला. शेजारी काकांच्या, टायरच्या. आत काका म्हणत होते, "हळू बोला गं, बाईंचं घर जवळ आहे." मग हसणं.

माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो, पण तयारी आतापासून चाललेली दिसते. रस्सा पायरीवर ठेवून गुपचूप परत आले. त्यांचा विरस कशाला करा. चांगली माणसं आहेत.

रविवार, १६ जून.
वाढदिवस नव्हे.

सोन्क्लिन सकाळी रिकामं भांडं द्यायला आली. गुडघा कसा आहे विचारलं, तर दुसराच चोळू लागली. मी वर्गात बघायचे तसं बघितलं. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं. टीव्ही धडधाकट आहे. देवळात काम नव्हतं. म्हणाली, "रागावू नका, बाई. आम्हाला पिकुन आजची आज बघायची असते. तुमच्याबरोबर बघितली की ती आधीच मेलेली असते."

याला दगा म्हणतात. ज्यांना मी कथानक म्हणजे काय ते शिकवलं, त्यांनी माझ्याभोवती कथानक रचलं, आणि काही वाईट रचलं नाही. भांडंही नीट घासलेलं नव्हतं.

ठरलं. संबंध संपला. पिकुन बुडेल तेव्हा रडत माझ्याच दाराशी येतील. दार उघडायचं, पण जरा वेळाने.

गुरुवार, २० जून.
कोणी आलं नाही. केस वाढलेत. लामाईकडे जायचं नाही, म्हणून स्वतः कापले. डावी बाजू चांगली झाली आहे.

रविवार, २३ जून.
शेवटचा भाग. रुमाल हाती घेऊन बसले. पिकुन खाडीत उतरली. पाणी गळ्याशी आलं. "आता," मी मोठ्याने म्हटलं, घरात कोणी नसताना.

बुडाली नाही! डॉक्टर जिवंत निघाला, होडी घेऊन आला, तिला वर ओढलं. दोघांनी गावात दवाखाना काढला. मेलेला माणूस दवाखाना काढतो! चॅनेलला फोन लावला. फोनवरची पोरगी म्हणाली, "शेवट आवडला ना, आजी?" आजी!

सोन्क्लिनच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. आनंदाचा. त्यात काकांचा आवाज सगळ्यात वर.

सोमवार, २४ जून.
बाजारात जाताना पाहिलं, घाटावरच्या देवाच्या ठाण्यापुढे तिघं बसलेली. समोर उकडलेल्या अंड्यांच्या पराती; या देवाला नवसाची अंडीच लागतात. नवस फेडत होती. कसला नवस, विचारलं. काका मान खाली घालून म्हणाले, "पिकुन वाचली तर शंभर अंडी. तुम्ही ती मरते म्हणालात ना, त्याच रात्री बोललो."

मी समजावलं, अहो, ते सगळं कधीच चित्रित होऊन गेलेलं असतं. ठरलेल्या गोष्टीला देव काय करणार? काका म्हणाले, "बाई, पुस्तकात तर तिचं मरणसुद्धा ठरलेलं होतं."

मी छत्री उघडली. ऊन फार होतं.

म्हणजे देवही त्यांच्याच बाजूने. लामाईने प्रसादाची अंडी हातात दिली आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिली. म्हणाली, "उजवी बाजू कोणी खाल्ली? या दुकानात, सारखे करून देते." मग जरा थांबून : शुक्रवारपासून नवी मालिका आहे, तीही पुस्तकावरचीच, ते वाचलंय का?

वाचलेलं नव्हतं. तसं सांगितलं. तिघांचे चेहरे असे उजळले, जसे पिकुन वाचल्यावरही उजळले नसतील. "मग या ना, बाई! खुर्ची तुमचीच." फक्त एक अट, लामाई म्हणाली. मालिका संपेपर्यंत वाचनालयाचं कार्ड तिच्याकडे ठेवायचं.

अपमान आहे. विचार करीन म्हटलं.

शुक्रवार, २८ जून. संध्याकाळी सात.
विचार केला. लामाईच्या स्वाधीन केलं ते असं : वाचनालयाचं कार्ड. वाचनालयातून बुधवारी आणलेलं नव्या मालिकेचं पुस्तक, कारण ते तिला माझ्या पिशवीत दिसलं. रुमाल, काकांच्या आग्रहावरून.

त्या पुस्तकातलं एकही प्रकरण वाचलेलं नाही, असं मी लामाईला देवाची शपथ घेऊन सांगितलं, आणि ते खरं आहे. शेवटचं पान म्हणजे काही प्रकरण नव्हे.