खांद्यामागचा हात

१४ नोव्हें., शुक्र.
निलेशला नाच शिकवणारा व्हिडिओ पाठवला. ‘कधीच न नाचलेल्यांसाठी’ असं वरच लिहिलंय. आम्ही दोघंही त्यातलेच. साखरपुड्यातच म्हणाला होता, "नवरात्रीत मी चपला सांभाळतो." सुरतेत वाढला आणि गरबा नाही! केवढी हसले होते तेव्हा. रिसेप्शनला दोघांनीच नाचायचं, ही हौस माझी. आईची कटकट चालू, "नवरदेव कंबरले हात लाई, अन आख्खं खान्देश दखी!" बघू दे की खान्देशाला.

१६ नोव्हें., रवि.
नि.ची हजीऱ्याच्या कारखान्यात शिफ्ट, माझं साडीचं दुकान. भेट नाहीच, मग व्हिडिओ कॉल. मोबाईल कपाटाला टेकवून डावा-उजवा करता करता पलंगावर आपटले. तो नुसता बघतो. "तू कर आधी." स्वतः करून दाखवत नाही. लाजतो म्हणे. बरं बाबा, लाज.

२३ नोव्हें., रवि.
पहिल्यांदा समोरासमोर सराव. हेतलच्या गच्चीवर, पर्वत पाटिया भागात. (दुकानात आम्ही दोघी शेजारी बसून साड्यांच्या घड्या घालतो. राखणीला तीच बसली होती.)
मी दोनदा त्याच्या बुटावर. तो मात्र छान. जरा जास्तच छान. आणि गिरकी द्यायच्या आधी त्याने माझ्या खांद्यामागे हात नेला, काहीतरी उचलून बाजूला सारलं, मग फिरवलं. बघितलंसुद्धा नाही. सवयीचा हात.
घरी येऊन आरशासमोर तसंच करून पाहिलं. वेणी! वेणी सारली त्याने. माझे केस मानेपर्यंत. कॉलेजपासून तेवढेच. व्हिडिओतल्या बाईचेही कापलेले.
कोणाची वेणी?

२४ नोव्हें.
हेतलला सांगितलं. "पूछी ले ने! परण्या पछी पूछशे?" खरंय, लग्नानंतर विचारून काय उपयोग. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. कोणासोबत शिकलास?
"कोणी नाही गं. उशी धरून."
उशीला वेणी असते काय रे? हे मनात. तोंडाने "बरं" म्हणाले आणि ठेवला. अंगाचा तिळपापड झाला होता.

२६ नोव्हें.
पुन्हा विचारलं. आता उशी गेली, आई आली. "आई उभी राहायची समोर." मग उशी कशाला सांगितलीस? "आईसोबत नाचतो म्हणून सांगू का? हसली असतीस."
पटलं. जेवण होईपर्यंत पटलं. मग भांडी घासताना आठवलं, मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, दरवेळी अंबाड्यातच पाहिलंय. पाणी मुरतंय कुठंतरी.

२८ नोव्हें.
आई मागे लागली, "तुले काय व्हयनं वं?" काही नाही म्हटलं. काय सांगू? पत्रिका वाटून झाल्या, धुळ्याचे मामा तिकिटं काढून बसलेत. एका वेणीवरून लग्न मोडते म्हटलं तर लोक मलाच वेडी म्हणतील. आणि गप्प बसून बोहल्यावर चढले तर जन्मभर त्याच्या हाताकडेच बघत राहीन.
मला तो आवडतो, हीच पंचाईत. नाहीतर गेला उडत.

३० नोव्हें., रवि.
ब्लाउजच्या मापाचं निमित्त करून कतारगामला त्याच्या घरी गेले. नि. शिफ्टला, घरी मावशी एकट्याच. अंबाडा. चहा झाला. सरळ विचारलं, "मावशी, निलेशला नाच तुम्ही शिकवला म्हणे?"
कपबशी उचलता उचलता थांबल्या. "हां, मीच उभी राहायचे. दुसरं कोन शे घरमा?"
"घरी वेणी घालता?"
"कधीमधी."
"मग माझ्यासोबत करा ना."
मला वाटलं टाळतील. पण पदर खोचून उभ्या राहिल्या. गाणं लावलं. पहिलाच पाय चुकला, थेट माझ्या पायावर. "गुडघा दुखस पोरी." पण गिरकी घेताना बोटं अगदी सैल. व्हिडिओतली बाई सारखी तेच सांगते, बोटं सैल ठेवा. मला अजून जमलेलं नाही. यांना आपोआप जमलं? की शिकलेल्याच आहेत?
गाणं संपलं तरी माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या वाईट नही शे."
मी कुठं म्हटलं होतं वाईट आहे म्हणून?

१ डिसें., सोम.
उद्या हळद. सकाळपासून घरात पाहुणे, बसायला जागा नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून लिहितेय.
नि.चा मेसेज. "घरी आली होतीस? आईने काय सांगितलं?"
तुम्ही काय बोललात, असं नाही विचारलं. काय सांगितलं.
 मग लिहिलं, "सगळं." पाठवून दिलं.
त्याने बघितलंय. टायपिंग दिसतं, थांबतं. पुन्हा दिसतं. खालून आई हाका मारतेय, मेंदीवाली आली. मी काही उठत नाही.