निळा उकळला की मरतो

कोळीवाडा, ठाणे
सोमवार, ता. ८ ऑगस्ट १९९४

चंदू,

नारळ, नारळ, नारळ! वर्ष झालं, तुझ्या तोंडात तेवढंच. आता वाडीच्याही तोंडात. काल गोदूबाई दारात येऊन म्हणाली, "आवडे, यंदा पुनवेला तू नारळ घेऊन बंदरावर येऊ नको. तुझ्या नारळानं टाकी नासली, आता खाडी नासायची." आतसुद्धा आली नाही. वीस वर्षं एका टेम्पोतनं मासळी आणली आम्ही दोघींनी.

घरी बरं आहे. ह्यांचा खोकला तसाच. आशीर्वाद शेवटी लिहीन, लिहावासा वाटला तर. माझं शिक्षण चौथी, चुका काढत बसू नको. आई गेल्यावर तुला बी.एस्सी. करणारी हीच चौथी.

शीळफाट्याला टाक्या बांधल्यास तेव्हा म्हणालेलास, "बाय, ह्या शेवाळात निळा रंग आहे. कुल्फीत चालतो, बायकांच्या लालीपावडरीत चालतो, मोठ्या दवाखान्यात तपासणीलाही नेतात. खडकावरच्या तांबड्या शेवाळातनं असाच गुलाबी निघतो." मला हसू आलेलं. जन्मभर पायाखाली तुडवलं ते! पण गोदू, मी आणि वाडीतल्या चौघी, आम्ही ते पाणी ढवळलं, फडक्यातनं गाळलं, सावलीत वाळवलं. थंड पाण्यात भिजत घातलं की सकाळी निळंशार. उन्हात धरलं की लाल झाक मारायचं. तू पुस्तकातनं शिकलास, मी हातानं. ऊन लागलं की उडतो, उकळला की मरतो.

ज्या पाण्यावर पोट, त्याला पुनवेला नारळ. आपल्यात हेच चालतं. म्हणून गेल्या साली टाकीलाही दिला. अख्खा, धुतलेला. फोडलापण नव्हता. दोन तास तरंगला, मग मीच काढून घेतला. त्यानं काय नासणार रे?

नासलं दुसरंच. चार दिवसांनी कुल्फीवाल्यांचा साहेब आपण दिलेली रंगाची बरणी परत घेऊन आला. आम्हा सगळ्यांसमोर त्यानं तो रंग उकळत्या पाण्यात ओतला. रंग हटेना. खरा असता तर पाणी पांढुरकं पडलं असतं. मी तिथंच समजले. आदल्या गुरुवारी तू डोंबिवलीच्या तुझ्या रंगाच्या कंपनीतली निळी पूड खिशातनं आणलेलीस. "बाय, जरा गडद करतो," म्हणालास. बरणीचं झाकण मी लावून दिलं.

साहेब म्हणाला, "ह्यात काय मिसळलंय?" तू माझ्याकडे हात केलास. "बहीण अडाणी आहे माझी, टाकीत नारळ सोडते. अजून काय टाकलं असेल कोण जाणे."

आता जे ह्यांनाही सांगितलं नाही ते लिहिते. साहेबानं मला विचारलं, "बाई, तुम्ही टाकलं?" मी हो म्हणाले. तू माझ्या मागं सरकलास, लहानपणी आईच्या हातात काठी बघून सरकायचास तसा. वाटलं, बोलून मोकळी होते, पोराचं निभेल. कसलं निभतंय! त्यानं माल बंद केला, तू टाक्या विकल्यास, सहा जणींचं काम गेलं. माझं ते हो पाच जणींनी ऐकलंय. आता नाही म्हणाले तर कोण ऐकेल? आणि तू कल्याणला बसून अजून सांगतोस, बायच्या नारळानं घात केला.

पुनवेला सकाळी ये. मिरवणूक निघायच्या आधी गोदूच्या ओट्यावर उभा राहा आणि सांग, पूड कोणाची. मी हो का म्हणाले ते मी सांगेन, त्याची शिक्षा मी घेईन.

नाहीतर ऐक. साहेब टाकून गेला ती बरणी माझ्याकडे आहे. आणि खरं वाळलेलं शेवाळ तांदळाच्या डब्यात, काळ्या फडक्यात बांधलेलं. स्टोव्ह बंदरावर नेईन, शेजारी शेजारी दोन पातेली चढवीन. एकातला मरेल, दुसऱ्यातला मरणार नाही. वाडीतल्या बायका शिकलेल्या नसतील, आंधळ्या नाहीत. हे नारळाचं काम नाही, आणि असली कंपनीची पूड माझ्या हाती कुणाकडनं येणार, ते त्याच विचारतील.

येतोस की नाही, गुरुवारपर्यंत कळव, अठरा तारखेला. बायकोकडून निरोप नको, तुझ्या हातचं अक्षर पाहिजे.

आशीर्वाद अजून लिहिलेला नाही, बघ.

गुरुवारपर्यंत तुझी बाय,
आवडा