अकरा गाण्यांचा पेन ड्राइव्ह

मुर्री (गोंदिया)
२ फेब्रुवारी २०२५

ति. दीप्तीताईस,
धाकट्या संघदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर हे विचारता येत नाही, बाबा शेजारीच बसलेले असतात. म्हणून कागद घेतला. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला चोवीस तारीख दिली. गाठ स्वरयंत्रावरच आहे, ते काढावंच लागेल. जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. बाबांनी स्वतः रचलेली अकरा भीमगीतं आजवर कुठेच रेकॉर्ड नाहीत. चाळीस वर्षं ते गावोगाव गायले आणि आपण नुसते ऐकत राहिलो.

दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मीच रेकॉर्डिंग करायचं ठरवलंय. पण सॉफ्टवेअर कोणतं? लग्नात डीजे वाजवणारा गुड्डू एफएल स्टुडिओशिवाय दुसरं नाव घेत नाही. ऑर्केस्ट्रावाले नंदलालभाऊ म्हणतात, क्यूबेस नसेल तर हातच लावू नको. मी आपला फुकटातलं ऑडॅसिटी उतरवून बसलोय. तू पुण्यात रोज हेच काम करतेस, तूच सांग. आणि मोबाइल दुरुस्तीवाल्या भावाला हसू नकोस.

तुझ्या मायेतला,
संघदीप

पुणे
७ फेब्रुवारी २०२५

चि. संघदीप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आधी रडून घेतलं, मग लिहायला बसले. गुड्डूचं खोटं नाही. ठेका आणि बीट्स रचायला एफएल स्टुडिओसारखी मजा नाही. नंदलालभाऊंचं क्यूबेस मोठ्या वाद्यमेळाला शोभतं. ऑडॅसिटी एक आवाज कापायला-पुसायला छान. माझ्या स्टुडिओत प्रो टूल्स चालतं, पण ते तिथे सगळेच वापरतात म्हणून. तुझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला रीपर झेपेल. अगदी हलकं आहे, आणि बाबा, पेटी, ढोलकी, आईचा कोरस असे सगळे ट्रॅक शेजारी शेजारी मांडता येतात.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. आईला दुसऱ्या खोलीत बसव. नाहीतर बाबांचा आवाज तिच्या माइकात शिरेल. आम्ही त्याला गळती म्हणतो, आणि ती झाली की मिक्सिंगचा विचका. सगळं पेन ड्राइव्हवर स्पीडपोस्टाने पाठव, फाईली जड असतात. बाबांना कोमट पाणी देत जा.

तुझी,
ताई

मुर्री
१८ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस, सविनय जयभीम.

झालं एकदाचं! अकराच्या अकरा गाणी. पण गळतीचं जमलं नाही. आईला दुसऱ्या खोलीत नेलं तर बाबा भडकले. म्हणाले, चाळीस वर्षं तिची मान हलते तवा मी ओळ उचलतो, ते दिसली नाही तं गाऊ कसा? शेवटी दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. तुझ्या मिक्सिंगचा विचका झाला असेल तर क्षमा कर.

तू म्हणालीस तसं रीपर खरंच हलकं निघालं. एवढी गाणी, आणि फाईल केवढीशी! तरी तू सांगितलंस म्हणून पेन ड्राइव्हच पाठवतोय. गिऱ्हाइकांच्या मोबाइलचा डेटा ठेवायला जागा नव्हती, म्हणून कॉम्प्युटरही साफ करून टाकला. आईला आपला कोरस चुकला की काय अशी धास्ती होती, तेव्हा तिचा एकटीचा ट्रॅक काढून तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिलाय.

चोवीसला भेटूच. जीव थाऱ्यावर नाही गं.

तुझा,
संघदीप

पुणे
९ मार्च २०२५

चि. संघदीप यास, आशीर्वाद.

पाकीट आलं तेव्हा मी नागपूरला बाबांच्या उशाशी होते. परत येऊन उघडलं, तर ट्रॅक सगळे मांडलेले, आवाज एकाचाही नाही. फोनवर तू इतका रडलास, म्हणून आता नीट लिहून सांगते. ती हलकी फाईल म्हणजे नुसती यादी असते, कोणता आवाज कुठे सुरू होतो याची. खरे आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये होते, आणि तू तेच पुसलेस. हे मला रोजचं म्हणून मी सांगितलंच नाही. तेव्हा अर्धी चूक माझी. पुसलेलं परत आणायला तू सहा दिवस धडपडलास, आता पुरे कर.

कारण काल आईने तिच्या मोबाइलमधली गाणी पाठवली. हेडफोन लावला आणि अंगावर काटा आला. आईच्या मागे बाबा आहेत! जरा दूर, पण शब्द न् शब्द कळतो. पहिली ओळ ते एकटेच म्हणतात, तेव्हा आई गप्प असते आणि फक्त तेच ऐकू येतात. माझं ऐकलं असतं तर आज काही म्हणजे काही उरलं नसतं. बाबांच्या हट्टाचे माझ्यावर फार उपकार झालेत रे. त्यांना सांग.

तुझी,
ताई

मुर्री
३० मार्च २०२५

चि. दीप्ती हिस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पाटीवर लिहून लिहून खडू संपले, म्हणून आज पेन घेतला. जखम भरून राहिली. संघदीप माझ्याकडे बघत नव्हता, त्याला जवळ बसवून पाठीवर हात ठेवला. पोरांनो, तुम्ही माझ्यासाठी केलं ते कोणाच्या बापाच्या नशिबी नसेल.

गाणी ऐकली. जन्मभर तुझ्या आईला, अन्नपूर्णेला, मी सांगत आलो, मागं राहा, सूर चढवू नको. आता ती पुढं आहे आणि मी मागं. तिचा गळा इतका गोड आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मीच गाऊन राहिलो होतो, ऐकणार कधी?

चौदा एप्रिलला ये. तुझी आई उभी राहून गाणार आहे, मी पेटीवर बसतो. मान हलवायचं काम आता माझं.

संघदीप म्हणतो, तुला मिक्सिंगमध्ये माझा आवाज मोठा करता येतो. बेटा, करू नको.

तुझाच,
बाबा (यादोराव)