दुसऱ्यासाठी निवडलेला लॅपटॉप

बाबा, तुमच्या वेळेला आपल्याकडे लॅपटॉप कुणी पाहिला नव्हता, म्हणून आधी तो काय ते सांगतो. दप्तरात मावणारा कॉम्प्युटर. झाकण उघडलं की वर पडदा, खाली बटणं. तुमचा तो मोठा ड्रॉइंग बोर्ड, सेट-स्क्वेअर, शाईची पेनं, चुकलेली रेघ खरवडायचं ब्लेड, सगळं त्यात आलं. गेला आठवडाभर मी असा एक लॅपटॉप निवडत होतो, आणि त्या नादात तुमची इतकी आठवण आली की शेवटी शेवटी तुमचा राग यायला लागला. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तुमच्याशी भांडणं आता संपलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

मी अजून सांवेर रोडच्या त्याच कारखान्यात आहे. सोयाबीनच्या प्लांटना लागणारी मशीनं आम्ही बनवतो, आणि त्यांचे नकाशे मी कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच, काढतो. माझ्या खोलीला खिडकी नाही, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. मला काय चालत नाही ते कुणी विचारलेलं नाही. सकाळी आत शिरलो की दिवस मावळला कधी ते कळत नाही. सोडून जावं असं दर वर्षी वाटतं, पण चव्वेचाळीस वर्षांच्या, आयटीआय झालेल्या ड्राफ्ट्समनला कोण बोलावतंय? बाजारात आता इंजिनिअर पोत्यानं मिळतात. तर अशा खोलीत परवाच्या सोमवारी सेठजींचा मुलगा आला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भिया, कैड के लिए एक बढ़िया लैपटॉप लेना है. आप ही चुनो. आपसे अच्छा कौन जानेगा?"

मी हुरळलो. खोटं कशाला बोलू? वीस वर्षांत मला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. तीन दिवस मी जेल रोडच्या दुकानांतून फिरलो. आमच्या सगळ्यात मोठ्या प्लांटचा नकाशा सीडीवर घेतला आणि प्रत्येक मशीनवर तो उघडून, फिरवून, लहान-मोठा करून पाहिला. एक दुकानदार म्हणाला, "अंकल, ये देखो, सबसे हल्का. एक उंगली पे उठा लो." मी म्हणालो, "मुझे उठा के नाचना नहीं है. इसमें ग्राफिक कार्ड अलग है कि नहीं, ये बताओ." नव्हतं. नकाशा फिरवला की त्या हलक्या मशीनला धाप लागायची, रेघा तुकड्या-तुकड्यांनी यायच्या. आणखी एकाचा पडदा सुरेख, पण आकड्यांची बटणं वेगळी नव्हती, आणि आमच्या कामात दिवसभर मापं ठोकायची असतात. शेवटी एक काळं, जाडजूड, दिसायला अगदी रेड्यासारखं मशीन सापडलं. रॅम भरपूर, कार्ड वेगळं, तासभर नकाशा फिरवला तरी हूं की चूं नाही. तुम्हाला आवडलं असतं.

इथेच तुम्ही आलात. मी आयटीआयला असताना एका शीटवर एकच माप लिहायचं राहिलं होतं. तुम्ही ती शीट फाडली नाहीत, ओरडलाही नाहीत. परदेशीपुऱ्यातल्या त्या खोलीत आई स्टोव्ह पेटवत होती आणि तुम्ही नवा कागद माझ्यापुढे पसरून म्हणालात, "पूर्ण पुन्हा काढ. दुसऱ्याचं चुकलं तर म्हणतात, चूक झाली. आपलं चुकलं तर म्हणतात, हे लोक असेच." आजोबा महूच्या पलटणीत होते, पण टेबलावर बसून पगार घेणारे घरातले पहिले तुम्ही. कापड मिलच्या ड्रॉइंग ऑफिसातली ती खुर्ची तुम्हाला कुणी प्रेमानं दिली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुमच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा सापडू नये म्हणून तुम्ही प्रत्येक माप तीनदा घ्यायचात.

मग मिलचं ते शेवटचं वर्ष. पेपरात रोज येतंय की देशाची दारं उघडली, बाहेरून मशीनी येणार. तुम्ही घरी येता ते हसतच. "मॅनेजर साहेब खुद बोलले, पूरे लूम शेड का नक्शा चाहिए. एक-एक बोल्ट सकट. नवीन मशीनी येऊन राहिल्यात, नाही तर कशाला मागतील?" मी म्हटलं, "विचारून तर बघा." तुम्ही म्हणालात, "आपण काम करून द्यायचं." दोन महिने तुम्ही तो नकाशा काढलात. वर पुन्हा, कुणी न सांगता, मागच्या भिंतीवर तुटक रेघेनं एक चौकोन आखलात आणि सुरेख अक्षरात लिहिलंत की एवढी भिंत उघडली तरी छताला धोका नाही. नवीन लूम मोठे असतील, दारातून आत यायचे नाहीत, म्हणून.

नवीन काही आलं नाही. मिलला कुलूप लागलं आणि पुढे एक दिवस भंगारवाल्याची माणसं आली. मी तेव्हा मिलच्या मागच्याच गल्लीत एका वर्कशॉपला होतो, मी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी भिंत बरोबर तुमच्या चौकोनात उघडली आणि लूम एकेक करून त्यातून बाहेर काढले. त्यांच्या हातात तुमचीच ब्लूप्रिंट होती. संध्याकाळी तुम्ही जेवत होतात. मी चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "मिल तुम्हीच विकून दिली. रस्तासुद्धा काढून दिलात." तुमचा हात ताटात थांबला. आई म्हणाली, "अरे, जेवू तर दे त्यांना." तुम्ही विचारलंत, "वरचा गर्डर खचला तर नाही ना?" मी म्हणालो, "नाही." तुम्ही मान हलवलीत आणि जेवायला लागलात. त्या प्रश्नासाठी मी तुम्हाला माफ केलं नाही. तुम्ही गेलात त्या वर्षीसुद्धा नाही.

आता ऐका. गुरुवारी निवड पक्की करण्याआधी मी सेठजींच्या मुलाला विचारलं की लॅपटॉप वापरणारा टेबलावर बसून काम करणार की साइटवर फिरणार. तेवढं कळलं की वजनाचं ठरवता येतं. तो मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "अरे, वो अहमदाबाद वाला इंजीनियर आ रहा है ना, उसके लिए. आपके सारे ड्रॉइंग इसमें ले लेगा, फिर डिज़ाइन उधर से ही होगी. आप तो हो दो-तीन महीने, उसको सब समझा देना." मी "जी" म्हणालो. खोलीत येऊन बसलो. दार ओढून घेतलं तर श्वास कोंडायला लागला, उघडलं तर सगळ्यांना माझा चेहरा दिसला असता. ओढलेलंच ठेवलं.

तुम्ही विचारलं नव्हतंत, म्हणून तुम्हाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. टेबलावर दुकानांतून आणलेले दोन कागद होते, एक त्या एका बोटावर उचलायच्या मशीनचा आणि एक या काळ्या रेड्याचा. पहिला पुढे केला असता तर महिनाभरात माझ्या नकाशांनी ते मशीन बंद पाडलं असतं, अहमदाबादच्या साहेबाला घाम फुटला असता, आणि कुणी सांगावं, मला वर्षभर ठेवून घेतलं असतं. मी जेवणाच्या सुट्टीभर तो हलका कागद हातात धरून बसलो. मग काळ्याचा कागद घेतला, खाली लिहिलं की तीन बटणांचा माऊस वेगळा घ्यावा, मशीन तापतं म्हणून खाली जाळी ठेवावी, आणि सही करून देऊन आलो. देताना मला बरं वाटलं, बाबा. ताटावर बसलेल्या तुम्हालाही असंच काही वाटलं असेल, तर मी तेव्हा तुमच्याशी फार वाईट वागलो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे राहिलेलंही लिहून टाकतो. सोमवारी हुरळून घरी गेलो तेव्हा मी बायकोला सांगितलं की कंपनी मला लॅपटॉप देतेय. तिनं ते शेजारी सांगितलं, विहारात सांगितलं, खिडकीजवळचं कपाट हलवून तिथं माझ्यासाठी टेबल लावलं. काल तिनं विचारलं, "कधी मिळणार?" मी म्हणालो, "येत्या सोमवारी."