पेट्यांचा फेरा

४ जून २००७, एन्नोर
पोचलो एकदाचा! इचलकरंजीत भंगारातले रेडिओ खोलत शिकलेला रविकांत आता ताऱ्यांचा मिस्त्री. इथल्या प्रमुख शास्त्रज्ञ कमलिनी मॅडम तंजावरच्या मराठ्यांतल्या. माझी मराठी ऐकून हसल्या, म्हणाल्या, तुम्ही रेल्वेच्या घोषणेसारखं बोलता. खाडीकाठच्या मैदानात काळ्या पेट्या कड्याबाहेर कडं अशा फाटकापर्यंत मांडल्यात. मधोमध माझी खोली. एक जोडतारा आहे. त्यातला मेलेला तारा जिवंत ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि त्या ओढाताणीतून अफाट ऊर्जेचे किरण सुटत असावेत, असा मॅडमचा कयास. किरण हवेत फुटला की कणांची सर कोसळते, सगळ्या पेट्यांवर एकदम. पेट्या धडधाकट ठेवायचं काम माझं. महिनाभर निभावलं की बायकोला, विद्युलतेला, इकडे आणायचं.

९ जून
मॅडम चेन्नईत गिंडीला कचेरीत परतल्या. धनलक्ष्मी कोळीवाड्यातून डबा आणते. मला तमिळ कळत नाही म्हणून ओरडून बोलते. बहिराच समजते की काय! अहो, माझे कान म्हणजे पंख्याच्या घरघरीवरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारे. प्रत्येक पेटीला वेगळ्या सुराचा स्पीकर जोडला. सर आली की सगळे सूर एकाच ठोक्यात. झकास!

१७ जून
रविवार. डबा नाही, माणूस नाही. पेट्याही गप्पगप्प. मॅडमची ताकीद मोडून व्होल्टेज चढवलं. काय बडबडायला लागल्या! सोबत झाली. मीही शीळ घालून उत्तर दिलं.

२१ जून
भर दुपारी पेट्या एकामागून एक वाजल्या. खोलीभोवती. कुणी चालत गेल्यासारख्या. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, रविकांत, प्रकाशाच्या वेगानं येणारं काही पावलं टाकत नाही. व्होल्टेज उतरवा आणि पोटभर जेवा. उतरवलं.
फेरा चालूच आहे.

२६ जून
पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. जिना नाही, ओझं नाही, तरी धाप लागते. धनलक्ष्मी मला बघून थबकली, डबा बाहेरच ठेवून गेली. एक शब्द नाही — ती!
वीज तोडली. तोडलेल्या पेट्या वाजतायत. आता आतल्या कड्यात. भरभर.
ओढणारा बाहेर फिरतोय. जिवंत तो मी —

२९ जून
विद्युलतेला कळवायला हवं, येऊ नको. घरच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. ती कालच गाडीत बसली म्हणे, मला चकित करायला.
वाटेतच अडवतो तिला. दोनदा निघालो. पहिल्या कड्यापाशी पाय मागे — खेचतं —

३० जून
फाटकाशी रिक्षा थांबली. तिच्या बांगड्या. हजारांत ओळखेन. हाक मारतोय, आवाज फुटत नाही.

फेरा थांबला.

मला सोडलं? पाय उचलतायत —

एक पेटी वाजली. तिच्या पुढची. आणि पुढची. गोल नाही. सरळ. फाटकाकडे —

विद्युलता, आत येऊ न